रत्नागिरीतला फिल्म न्वार महोत्सव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि बाजारात अडवून लोक जे प्रश्न विचारतात, तेच इथे शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिल्म न्वार म्हणजे नेमकं काय? रहस्यपटच ना?

रहस्य असतं, खून असतो, पोलीसही असतात, पण भर वेगळ्या ठिकाणी असतो. रहस्यपट शेवटपर्यंत विचारत राहतो की हे केलं कुणी. न्वार चित्रपटात ते पुष्कळदा सुरुवातीलाच कळतं, आणि एक बऱ्यापैकी शहाणा माणूस डोळे उघडे ठेवून खड्ड्यात कसा जातो ते आपण बघत बसतो. मोह, पैसा, मागे दडवून ठेवलेलं काहीतरी, आणि परतीची वाट हळूहळू बंद होत जाणं, हा त्याचा गाभा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचत मोठ्या झालेल्या मंडळींना या जगात शिरायला अजिबात वेळ लागत नाही. फरक इतकाच की इथे सुटका करायला झुंजार येत नाही.

हे चित्रपट मुख्यतः अमेरिकेत, साधारण १९४१ ते १९५८ या काळात तयार झाले. बनवणारे त्यांना गुन्हेपट किंवा मेलोड्रामा म्हणत. महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते पॅरिसात एकदम येऊन पोचले, आणि एकापाठोपाठ बघताना त्यांच्यातलं साम्य तिथल्या समीक्षकांच्या नजरेत भरलं. निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘काळा चित्रपट’, हे नाव दिलं.

२. कधी आहे, कुठे आहे, काय काय दाखवणार?

जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार, आणि त्याच्या आदल्या शुक्रवारची संध्याकाळ. जागा रत्नागिरी शहरात, एसटी स्टँडपासून चालत येण्यासारखी. पत्ता आणि नकाशा वर्गणीच्या पावतीवर असतो.

शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता मैदानावर ‘सी.आय.डी.’ (१९५६). शनिवारी सभागृहात सकाळी १० वाजता ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१), दुपारी २ वाजता ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४), संध्याकाळी ५ वाजता ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) आणि रात्री ९ वाजता ‘द थर्ड मॅन’ (१९४९). रविवारी सकाळी साडेनऊला ‘डीटूर’ (१९४५), सव्वाअकराला ‘द हिच-हायकर’ (१९५३), दुपारी २ वाजता ‘पाठलाग’ (१९६४) आणि ५ वाजता ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८).

३. रत्नागिरीतच कशाला? मुंबई-पुण्यात असतंच की.

असतं, म्हणूनच. तिथे फिल्म सोसायट्या आहेत, मोठे महोत्सव आहेत. इथल्या माणसाला हे चित्रपट बघायचे तर मोबाईलवर, एकट्याने, कानात वायर घालून. कोकणात गावोगाव रात्रभर नमन-खेळे किंवा दशावतार बघायची सवय आहे. काळोखात, सगळ्यांनी मिळून, टक लावून बसणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. अशा प्रेक्षकापर्यंत हे छायाचित्रण पोचलंच पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

जानेवारी निवडला तो मोसम बघून. पाऊस नाही, आंबा काढणीची धांदल लांब आहे, आणि मोहोरावरची फवारणी सकाळी उरकून बागायतदारही दुपारच्या खेळाला येऊ शकतात.

४. वर्गणी किती? एकाच खेळाचं तिकीट मिळेल का?

तिन्ही दिवसांची वर्गणी ३०० रुपये, विद्यार्थ्यांना १०० रुपये. एकेका खेळाचं तिकीट नाही, त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे. शुक्रवारचा मैदानावरचा खेळ सगळ्यांना मोफत.

५. माझं इंग्रजी कच्चं आहे. ही माणसं भराभर बोलतात असं ऐकलंय. काही कळेल का?

कळेल. सगळ्या इंग्रजी चित्रपटांना मराठी सबटायटल्स आहेत आणि ती आम्ही स्वतः तयार केली आहेत.

भराभर बोलतात हे खरं आहे. ‘डबल इन्डेम्निटी’ची पटकथा बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी मिळून लिहिली. त्यात विमा एजंट आणि त्याच्या गिऱ्हाइकाची बायको पहिल्याच भेटीत मोटारीचा वेग आणि वाहतूक पोलीस यांबद्दल बोलतात, आणि दोघांनाही ठाऊक असतं की विषय मोटारीचा नाही. असा संवाद शब्दशः उतरवला तर दोन ओळींत मावत नाही, आणि तीन ओळी वाचता वाचता चेहरे निसटतात. म्हणून आम्ही कधीही दोनपेक्षा जास्त ओळी ठेवलेल्या नाहीत. एखादी कोटी सुटली तरी चालेल, ती बायको झालेल्या बार्बरा स्टॅनविकची नजर सुटता कामा नये.

सबटायटल्सची अक्षरं शुभ्र पांढरी नाहीत, फिकट राखाडी आहेत. या चित्रपटांत पडद्याचा खालचा भाग अनेकदा पूर्ण काळा असतो. त्यावर पांढरीशुभ्र ओळ चमकली की डोळ्याची बाहुली आकसते आणि सावलीत उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. राखाडी अक्षरं मागच्या रांगेतून थोडी कष्टाने वाचावी लागतात. दूरचं वाचायला त्रास होत असेल तर पुढच्या सहा रांगांपैकी एखादी धरा.

६. यातले बरेच चित्रपट यूट्यूबवर फुकट आहेत. मग यायचं कशाला?

काही आहेत. ‘डीटूर’ आणि ‘द हिच-हायकर’ अमेरिकेत केव्हाच सार्वजनिक मालकीचे झाले, त्यामुळे त्यांच्या वाटेल तशा प्रती फिरत असतात. आमचं म्हणणं एवढंच, की तिथे ‘डीटूर’ बघितला असेल तर त्यातला निम्मा चित्रपट बघायचा राहिला आहे. तो एका गरीब स्टुडिओने अगदी थोडक्या पैशांत काढला. दिग्दर्शक एडगर उल्मर यांच्याकडे न्यूयॉर्कचा रस्ता उभा करण्याइतका खर्च नव्हता, तर त्यांनी धुकं सोडलं आणि त्या धुक्यातून दोन माणसांना चालवलं. खराब प्रतीत ते धुकं म्हणजे नुसती पांढरट पुटं दिसतात. २०१८ मध्ये हा चित्रपट नीट दुरुस्त झाला आणि आम्ही तीच प्रत दाखवतो. तिच्यात धुक्याआड एकेक दिवा वेगळा दिसतो.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून लहान केलेलं असतं, आणि त्या दाबण्यात सर्वांत आधी बळी जातात काळ्याच्या छटा. गडद कोपऱ्यात चौकोनी ठिपके दिसतात ते त्यामुळे. घरी दिवा चालू, खिडकीतून ऊन, हातात मोबाईल, अशा वेळी काळा म्हणजे फार तर करडा. न्वारचा छायाचित्रकार मात्र काळ्याच्या दहा छटांवर काम करत होता. जिन्याखाली कुणी उभं आहे की नाही हे त्यातल्या सातव्या आणि आठव्या छटेवर ठरतं.

७. पण इतका काळोख का? त्यांना दिवे परवडत नव्हते का?

अंशतः तसंही होतं. महायुद्धाच्या काळात हॉलिवूडमध्ये सेटसाठी नवीन सामान वापरण्यावर मर्यादा आली. अर्धी भिंत उभी करून उरलेली सावलीत सोडणं स्वस्त पडे. पण नुसत्या टंचाईतून अशी शैली तयार होत नाही.

ती शैली घेऊन माणसं आली होती. फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमॅक, बिली वाइल्डर, एडगर उल्मर हे सगळे दिग्दर्शक जर्मन चित्रसृष्टीत काम केलेले. त्या सृष्टीने १९२० च्या दशकात भिंतीवर पडणाऱ्या सावलीला पात्राइतकं महत्त्व दिलं होतं. लँग, सिओडमॅक आणि वाइल्डर यांनी तर हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडली. ज्यांनी ओळखीचं शहर डोळ्यांदेखत परकं होताना बघितलं, त्यांच्या हातून लॉस एंजेलिसचं लख्ख ऊनसुद्धा संशयास्पद दिसू लागलं यात नवल वाटत नाही.

कारागिरी कशी होती त्याचा एक नमुना. ‘डबल इन्डेम्निटी’त दिवाणखान्यात पट्ट्यापट्ट्यांचा उजेड पडतो आणि त्या उजेडात धूळ तरंगताना दिसते. छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी त्यासाठी हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. घर श्रीमंताचं आहे, पण बंद आणि कुबट आहे, हे एकही शब्द न बोलता कळतं. ‘द थर्ड मॅन’साठी छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्कर यांनी व्हिएन्नाचे दगडी रस्ते रात्री पाण्याने भिजवून घेतले, म्हणजे एका दिव्याचा उजेड शंभर दगडांवर चमकतो. त्यांना त्या कामाचं ऑस्कर मिळालं.

आणि काळोख हाच न्वार असं समजू नका. ‘द हिच-हायकर’ बहुतेक भर उन्हात, उघड्या माळरानावर घडतो. दोन मित्र मासेमारीला निघतात, वाटेत एकाला गाडीत घेतात, आणि त्याच्या हातात पिस्तूल असतं. लपायला कुठेच सावली नाही, ही त्या चित्रपटाची भीती आहे. छायाचित्रकार निकोलस मुसुराका, म्हणजे शनिवारच्या ‘आउट ऑफ द पास्ट’चेच. एकाच माणसाने सावलीतून आणि उन्हातून सारखाच धाक कसा निर्माण केला ते लागोपाठच्या दोन दिवसांत बघता येईल. हे दोन्ही खेळ कृपा करून चुकवू नका.

८. मोबाईल सायलेंटवर ठेवला तर चालेल ना?

आवाजापेक्षा उजेडाचा त्रास जास्त आहे, म्हणून बंदच ठेवावा लागेल. कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. घरी आजारी माणूस असेल, डॉक्टर असाल, तर दाराशी बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे फोन द्या आणि आसन क्रमांक सांगा. फोन आला तर तो येऊन तुम्हाला हळूच उठवेल. पडद्याचे फोटो काढायला मनाई आहे.

९. पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर आत सोडाल का?

पहिल्या पाच मिनिटांपर्यंत, मागच्या दाराने, मागच्या रांगेत. त्यानंतर नाही, कारण दार उघडलं की बाहेरच्या उजेडाची पट्टी थेट पडद्यावर येते. अपवाद ‘टच ऑफ ईव्हिल’चा. त्याला सुरू झाल्यावर कुणालाही घेत नाही. तीन मिनिटांहून लांब असं एकच अखंड दृश्य पहिल्याच क्षणी सुरू होतं. एका मोटारीत टाइमबॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा त्या मोटारीबरोबर गर्दीतून फिरतो. त्यात दार उघडणं म्हणजे सगळ्या सभागृहाचं नुकसान.

१०. पडद्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या का राहतात? प्रोजेक्टर नीट लावत नाही का?

नीट लावलेला असतो. त्या काळी चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट असे. रुंद पडदा हॉलिवूडमध्ये रूढ झाला तो १९५३ पासून पुढे. आजच्या रुंद पडद्यावर जुनं चित्र मधोमध बसतं आणि बाजू उरतात. ताणून भरलं तर ‘द माल्टीज फाल्कन’चा नायक हम्फ्री बोगार्ट जाडा दिसतो, वरून-खालून कापलं तर छत आणि सावल्या जातात. आम्ही उरलेल्या बाजूंवर काळं कापड सोडतो, म्हणजे परावर्तित उजेडही राहत नाही.

११. खऱ्या रिळांवर का दाखवत नाही?

इच्छा आहे, पण कोकणातली हवा आड येते. जुनी रिळं दोन प्रकारची. साधारण १९५० पर्यंतची नायट्रेटची, जी इतकी ज्वालाग्राही असतात की त्यांना वेगळी तिजोरी आणि वेगळं यंत्रघर लागतं. नंतरची अ‍ॅसिटेटची. ती सहज पेटत नाहीत, पण दमट, उबदार हवेत कुजू लागतात, त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो आणि फीत आकसून वाकडी होते. कुठल्या संग्रहालयाने जपून ठेवलेली प्रत इथे किनाऱ्यावर पाठवावी अशी मागणी करायलाच आमचं मन धजत नाही. दुरुस्त केलेल्या डिजिटल प्रती दाखवणं हे त्या मूळ रिळांच्याही हिताचं आहे.

१२. या चित्रपटांत बाई नेहमी वाईटच का दाखवतात?

हा प्रश्न मुख्यतः कॉलेजातल्या मुली विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

पुरुषाला नादी लावून बुडवणारी बाई हा न्वारचा ठरलेला साचा आहे, यात शंका नाही. युद्धात पुरुष बाहेर गेले, बायका कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरल्या, आणि परत आलेल्या पुरुषांना घर ओळखीचं वाटेना. त्या धास्तीचं बरंचसं ओझं या पात्रांवर टाकलं गेलं. शिवाय अमेरिकेत १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या नियमावलीनुसार गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यामुळे तिचा शेवट आधीच ठरलेला असे.

पण चित्रपट चालू असताना बघा. ‘डबल इन्डेम्निटी’तली फिलिस किंवा ‘डीटूर’मधली व्हेरा यांना काय हवं आहे ते त्यांना ठाऊक असतं आणि त्या ते मागतात. त्या काळच्या बाकी चित्रपटांतल्या नायिकांना तेवढीही मुभा नव्हती. अ‍ॅन सॅव्हेजने साकारलेली व्हेरा तर इतकी कडवट आणि इतकी थकलेली आहे की तिच्याकडे नुसती खलनायिका म्हणून बघवत नाही. ‘द थर्ड मॅन’मधली अ‍ॅना साच्यात मुळीच बसत नाही. सगळ्या पुरुषांपेक्षा तिची निष्ठा पक्की आहे, आणि त्या निष्ठेचं काय करायचं हे त्या पुरुषांना कळत नाही.

आणि ‘द हिच-हायकर’ एका बाईने दिग्दर्शित केला आहे. आयडा लुपिनो या मूळच्या अभिनेत्री. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये चित्रपट दिग्दर्शित करणारी दुसरी बाई शोधून सापडत नव्हती म्हटलं तरी चालेल. गंमत अशी की त्यांच्या या चित्रपटात नादी लावणारी बाई नाहीच, आहेत ते घाबरलेले पुरुष. रविवारी या खेळानंतरची चर्चा नेहमीच्या वीस मिनिटांऐवजी पाऊण तास ठेवली आहे.

१३. हिंदी चित्रपटाला न्वार म्हणणं ओढूनताणून नाही का? त्यात गाणी असतात, जॉनी वॉकर असतो.

गाणी असतात, विनोद असतो, आणि शेवट बहुधा गोड असतो. न्वारची व्याख्या काटेकोर धरली तर ‘सी.आय.डी.’ तीत बसत नाही, हे मान्य. आम्ही तो ठेवला तो त्यातल्या प्रकाशासाठी.

जर्मनीतून छायाप्रकाशाची ती समज जशी हॉलिवूडला गेली, तशी मुंबईलाही आली. जोसेफ विर्शिंग हे जर्मन छायाचित्रकार बॉम्बे टॉकीजमध्ये आले आणि इथलेच झाले. ‘महल’ (१९४९) त्यांनी चित्रित केला. पुढे गुरुदत्त यांनी ‘बाज़ी’पासून (१९५१) जुगाराचे अड्डे, टॅक्सी आणि रात्रीची मुंबई पडद्यावर आणली, आणि ‘जाल’पासून (१९५२) त्यांच्यासोबत छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती होते. ‘सी.आय.डी.’ची निर्मिती गुरुदत्त यांची, दिग्दर्शन राज खोसला यांचं, छायाचित्रण मूर्तींचं. वहिदा रेहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. त्यांचं पात्र चांगलं की वाईट हे बराच वेळ ठरवता येत नाही, आणि मूर्तींनी त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकताना तो संशय जपला आहे. गाणी चालू असतानाही भिंतीवरच्या सावल्या बघत राहा.

१४. मग ‘पाठलाग’? तो तर १९६४ चा आहे, काळ संपल्यानंतरचा.

हा आम्ही जाणूनबुजून केलेला अपवाद आहे. राजा परांजपे यांचा हा चित्रपट मराठीत या वाटेने सर्वांत लांब गेलेल्या चित्रपटांपैकी आहे. नायक चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला तो दुप्पट जवळचा. आणखी एक धागा असा, की हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ (१९६६) केला तो राज खोसला यांनीच, म्हणजे शुक्रवारच्या ‘सी.आय.डी.’च्या दिग्दर्शकाने. कथेबद्दल याहून अधिक सांगणार नाही.

१५. मुलांना आणता येईल का? आणि नुसतं तिकीट काढून का येता येत नाही?

दोन्हींचं मूळ एकच. सार्वजनिक खेळासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र नसलेले परदेशी चित्रपट महोत्सवात दाखवण्यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि ती धंद्यासाठी भरवलेल्या खेळांना नसते. म्हणून नावनोंदणी केलेल्या सभासदांनाच प्रवेश, आणि या खेळांना १८ वर्षांखालच्या कुणालाही घेत नाही, पालक सोबत असले तरी. ‘सी.आय.डी.’ आणि ‘पाठलाग’ला मुलांना खुशाल आणा.

१६. हक्कांचं काय? परवानगी घेता की असंच?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५६ चा चित्रपट २०१६ अखेर मोकळा झाला, १९६४ चा २०२४ अखेर. म्हणजे आमच्या यादीतले चित्रपट मूळ रूपात मुदतीबाहेर गेलेले आहेत. तरीही आम्ही प्रती विकत किंवा भाड्याने रीतसरच घेतो. दुरुस्तीसाठी कुणीतरी वर्षानुवर्षं फ्रेम-फ्रेम साफ केलेली असते आणि त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. तुम्ही तुमच्या गावात असा खेळ ठेवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. चित्रपट मोकळा झाला म्हणून त्यातली गाणी वेगळी वाजवायला मोकळी होत नाहीत. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो.

१७. काळोखाचा एवढा आग्रह, आणि ‘सी.आय.डी.’ उघड्या मैदानावर? चांदणं असलं तर?

रास्त शंका आहे. सभागृहातला काळोख मैदानावर मिळत नाही. पण सभासद नसलेल्या, इंग्रजी चित्रपटाला बिचकणाऱ्या माणसाला या जगाची ओळख करून द्यायची तर दार उघडं ठेवावं लागतं, आणि आमच्या यादीत त्यासाठी सर्वांत योग्य हाच. पडदा असा बांधतो की चंद्र त्याच्या पाठीमागे राहील, आणि मैदानाजवळच्या शेजाऱ्यांना अंगणातले दिवे तेवढा वेळ मालवायची विनंती करतो. ७ ची वेळ काटेकोर पाळतो, कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बसायला चटई आणि डोक्याला रुमाल किंवा कानटोपी आणा, नऊनंतर दव पडतं. प्रोजेक्टरच्या भिंगावरही ते जमतं. तेवढ्यासाठी एक माणूस सुती फडका घेऊन उभा असतो.

१८. लाइट गेली तर?

जनरेटर आहे. प्रोजेक्टर यूपीएसवर असल्याने झटक्याने बंद पडत नाही. जनरेटर सुरू होईपर्यंत आवाज जाऊ शकतो, मग आम्ही चित्रपट एक-दोन मिनिटं मागे नेऊन पुन्हा सुरू करतो. तोवर कुणीही मोबाईलचा टॉर्च लावू नये. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि ती एका टॉर्चने जाते. रांगांच्या कडेला पायापाशी मंद लाल दिवे असतात, बाहेर जायला तेवढे पुरतात.

१९. आजोबांना घेऊन यायचंय, त्यांना जिना चढवत नाही.

सभागृह तळमजल्यावर आहे आणि मागच्या दाराला उतार आहे. नोंदणी करताना सांगा, कडेची खुर्ची राखून ठेवू. चहा आणि कांदापोहे किंवा घावणे मध्यंतरात बाहेर मिळतात, आत खाणं नाही.

२०. आयुष्यात एकच न्वार बघायचा तर कुठला?

‘डबल इन्डेम्निटी’. नायक पहिल्या काही मिनिटांतच कबुली देतो, त्यामुळे गुंता सोडवत बसावं लागत नाही आणि सगळं लक्ष माणसांवर राहतं. ‘आउट ऑफ द पास्ट’ कदाचित त्याहून सुंदर आहे, पण त्याचं कथानक पहिल्या खेपेला हातातून निसटतं, तो दुसरा बघा. ‘द माल्टीज फाल्कन’ पहिला मानला जातो म्हणून त्यापासूनच सुरुवात केली पाहिजे असं काही नाही.

२१. ‘टच ऑफ ईव्हिल’ची कोणती आवृत्ती दाखवणार?

१९९८ ची. स्टुडिओने १९५७ मध्ये दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या हातून चित्रपट काढून घेतला, काही दृश्यं दुसऱ्याकडून चित्रित करवली आणि स्वतःच संकलन केलं. ते बघून वेल्स यांनी ५८ पानांचं निवेदन लिहून काय बदलावं ते कळवलं. त्यातलं बरंचसं तेव्हा कुणी मानलं नाही. चाळीस वर्षांनी संकलक वॉल्टर मर्च यांनी त्या पानांबरहुकूम चित्रपट पुन्हा बांधला. मुख्य फरक सुरुवातीलाच आहे. प्रश्न ९ मध्ये सांगितलेल्या अखंड दृश्यावर आधी श्रेयनामावली आणि हेन्री मान्चिनी यांचं संगीत होतं. आता नावं नाहीत, आणि मोटार ज्या ज्या दारावरून जाते तिथलं गाणं, रेडिओ, माणसांचा आवाज ऐकू येतो. जुनी आवृत्ती तुमच्या आवडीची असेल तरी ही सभागृहात एकदा ऐका.

‘द थर्ड मॅन’ही दोन रूपांत आहे. अमेरिकेत तो सुमारे ११ मिनिटं कापून लावला होता. आम्ही पूर्ण ब्रिटिश आवृत्ती दाखवतो.

२२. येणं-जाणं कसं? शनिवारी रात्रीच्या खेळानंतर वस्तीची गाडी निघून गेलेली असते.

मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या किंवा तुतारी पहाटे-सकाळी रत्नागिरीला सोडते. दिवसा यायचं तर जनशताब्दी, मांडवी किंवा वंदे भारत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवार धरून येणार असाल तर त्याच दिवशी काढा. स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून रिक्षा किंवा एसटी मिळते. कोल्हापूरहून आंबा घाटाने, पुण्याकडून कुंभार्ली घाटाने एसटी आहे.

‘द थर्ड मॅन’ पावणेअकराच्या सुमारास सुटतो आणि चर्चा धरून सव्वाअकरा होतात. तोवर गावाकडच्या गाड्या गेलेल्या असतात हे खरं. पावस, गणपतीपुळे, लांजा आणि संगमेश्वर या चार दिशांना आम्ही गाड्या ठरवल्या आहेत. नोंदणीच्या फॉर्मवर गावाचं नाव लिहा, भाडं माणसी वाटून घेतलं जाईल. दुसऱ्या दिशेला राहणाऱ्यांची सोय सभासदांच्या घरी होते. बायकांची आणि मुलींची सोय वेगळी बघतो आणि कुणाकडे उतरायचं ते शुक्रवारपूर्वी फोन करून कळवतो. अंथरूण-पांघरूण मिळतं.

रविवारी ‘टच ऑफ ईव्हिल’ सातच्या आसपास संपतो. शेवटचा खेळ पाचला ठेवला आहे तो मुंबईच्या रात्रीच्या गाड्या धरूनच, त्यामुळे चर्चेला थांबूनही जेवून स्टेशनवर पोचता येतं.